वाफेचा पक्षी

मित्रांनो, मी एक जुना चिनीमातीचा पक्षी आहे. उडणारा नव्हे, गाणारा नव्हे, आणि खरं सांगायचं तर मुद्दाम पाहावा असाही नव्हे. मुठीत मावेन एवढा माझा आकार. अंग काळं, चोच पिवळी, वर केलेली आणि उघडी. पोट पोकळ. बुडाशी दोन छोट्या कमानी कोरलेल्या आहेत. माझी हकीकत तुम्हाला सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार करत होतो. एखाद्या घड्याळाने किंवा पुलाने आपली गोष्ट सांगावी, ते शोभतं. मी पडलो तोंडाने वाफ सोडणारी वस्तू. पण माझ्यादेखत एका घरात जे घडलं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. आणि न उलगडलेली गोष्ट पोकळ पोटात फार दिवस ठेवली, की ती घुमायला लागते. म्हणून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथे पाण्यात कालवून साईसारखी पातळ केलेली माती साच्यात ओतत. थोडा वेळ जाऊ देत, आणि मग साचा उलटा करून आतली माती पुन्हा ओतून टाकत. साच्याच्या भिंतीला जेवढी चिकटून राहिली, तेवढाच मी. म्हणजे माझ्यात जे होतं ते काढून घेतलं, आणि जे उरलं त्याला सगळे पक्षी म्हणू लागले. पुढे मला रंगवलं, भट्टीत भाजलं. डोळे काढणाऱ्या बाईंचा हात कशाने तरी हलला असावा. माझा एक डोळा किंचित वर गेलेला आहे, त्यामुळे मी कायम कान देऊन काहीतरी ऐकतोय असं दिसतं. त्याला इलाज नाही. मला कान नाहीत, पण चेहरा ऐकणाऱ्याचा आहे.

दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस होतो. कोणी मला मिठाचं भांडं समजे, कोणी शिट्टी. शेवटी एका किल्ल्या बनवणाऱ्याने मला उचललं. तोही मला शिट्टीच समजला होता. दुकानदाराने त्याला माझं खरं काम सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग तर बरंच झालं. आमच्याकडे पाय दर वेळी फुटतो आणि भट्टी पुसायला मी लागतो."

आता ॲपल पाय म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. मैद्याच्या दोन चकत्यांमध्ये सफरचंदाच्या फोडी भरतात, कडा दाबून बंद करतात आणि भट्टीत भाजतात. फोडींना पाणी सुटतं, त्याची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही तर ती वरचं आवरण फोडून बाहेर येते. ती वाट म्हणजे मी. मला मधोमध बसवतात. चारी बाजूंनी फोडी रचतात, वरच्या चकतीला भोक पाडून त्यातून माझी चोच तेवढी बाहेर काढतात. मी गळ्यापर्यंत पुरलेला असतो. खालच्या कमानींतून वाफ आत शिरते आणि चोचीतून निघून जाते.

किल्लीवाल्याचं घर मला आवडलं. रस्त्याला लागून खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. किल्ल्या कापायचं यंत्र सुरू झालं की त्याची किरकिर जिन्याने वर येई, आणि पाय भाजल्याचा वास जिन्याने खाली गेला की ती किरकिर थांबे. थोड्याच वेळात किल्लीवाला हात पुसत दारात उभा राही. घरात दोन मुली होत्या, थोरली आणि धाकटी. त्या जिला आई म्हणत, तिला मीही मनातल्या मनात आईच म्हणायचो.

आईचं काम पाहत राहावं असं होतं. ती मैदा चाळून घेई, चिमूटभर मीठ घाली, आणि फ्रिजमधून काढलेल्या कडक लोण्याचे तुकडे त्यात टाकून फक्त बोटांच्या टोकांनी चोळी. "तळहात लागला की लोणी वितळलं, आणि लोणी वितळलं की पापुद्रा मेला," असं ती थोरलीला सांगे. मैद्याचा ओलसर चुरा झाला की त्यात बर्फाचं पाणी, चमचा चमचा. गोळा झाला की तो फडक्यात गुंडाळून थंडाव्याला. तोवर सफरचंदं. ती तिला आंबटच लागत. त्यांची सालं ती न तोडता एका फितीत काढी, आणि धाकटी ती फीत गळ्यात घालून घरभर मिरवे. सफरचंदाला किती पाय असतात, हे तिचं तेव्हाचं कोडं होतं. फोडींवर साखर, लिंबू, दालचिनी आणि रस दाटण्यापुरता मैदा पडला, की माझी पाळी.

मला बसवण्याआधी ती नेहमी एक गोष्ट करी. गरम पाण्याने मला आतून-बाहेरून धुई, बारीक ब्रश गळ्यातून फिरवी, खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार बघे, आणि मग कमानीला ओठ लावून एक फुंकर मारी. फुंकर चोचीतून सरळ निघाली की वाट मोकळी. मुलींनाही फुंकायचं असे, पण ती देत नसे. उष्टं होईल म्हणे. यावरून किल्लीवाल्याची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, तिला एकदा म्हणाली होती, "आणि तुझं उष्टं नाही वाटतं?"

"माझं चालतं," आई म्हणाली. "मी सगळ्यांचं खाल्लंय."

भट्टीत गेलो की आधी काळोख असतो. मग सफरचंदं कुजबुजायला लागतात, मग उकळायला लागतात. वाफ माझ्या पोटात शिरली की आधी आत 'अं' असं घुमतं, आणि चोचीतून 'हं' करत ती निसटते. अंहं. मला एवढा एकच आवाज येतो. तो योगायोग होता की मी आईचं ऐकून शिकलो, हे मला खरंच सांगता येणार नाही. कारण आईही असंच म्हणायची. मुलींपैकी कोणी भट्टीच्या दाराकडे हात नेला, सुरीशी खेळायला लागलं, खिडकीतून जास्त वाकलं, की ती जिथे असेल तिथून, मान न वळवता, तोंड न उघडता म्हणायची, अंहं. आणि हात मागे यायचा. तिला दिसायचं कसं, ते कोणालाच कळलं नाही. भट्टीतून माझा आवाज आला की ती हसून म्हणे, हा माझीच नक्कल करतो. आत्या म्हणे, घरात एक होती ती पुरेशी नव्हती का.

ती माझी कामाची वर्षं होती. माझं कौतुकही झालं. पाहुणे मला हातात घेऊन बघत. मला वाटायला लागलं होतं की हे घर माझ्या भोवती बसलं आहे. पोकळ वस्तूंना असं लवकर वाटतं.

मग एका थंडीत आई आजारी पडली. तिने मला धुऊन, फुंकून फळीवर ठेवलं होतं, गोळा थंडाव्याला ठेवला होता. तो गोळा तिथेच राहिला. तिला नेलं, आणि ती परत आली नाही. मी फळीवरून इतकंच पाहिलं की भट्टी गार आहे, माणसं येत आहेत, आणि खालचं यंत्र चालू आहे. मधे मधे ते नुसतंच चाले. किल्ली कापताना त्याचा आवाज खरखरीत होतो, रिकामं फिरताना गुळगुळीत. मला फरक कळायचा.

माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने कमानीत जाळं विणलं, आणि तोही कंटाळून गेला.

एक दिवस धाकटीने हट्ट धरला. तिला आई करायची तसाच पाय हवा होता. थोरलीने तो केला. लोणी हातात वितळलं, गोळा फाटला, कडा जाड झाल्या. मला तिने फळीवरून काढलं, धूळ बाहेरून पुसली, जाळं काडीने काढलं, आणि सवयीने फुंकायला ओठांपाशी नेलं. तिथेच ती थांबली. बराच वेळ ती मला तसंच धरून उभी होती. मग हळूच म्हणाली, "यात आईची शेवटची फुंकर आहे."

तिने मला फुंकलं नाही. धुतलंही नाही. तसंच बसवलं. मित्रांनो, सगळ्याची सुरुवात तिथे झाली.

भट्टी तापली. दोघी समोर जमिनीवर बसल्या. वाफ आत शिरली, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, अंहं.

दोघींच्या अंगावर काटा आला, तो मला भट्टीच्या दाराच्या काचेतून दिसला. खालचं यंत्र एकदम बंद झालं. जिन्यावर कोणाचंही पाऊल वाजलं नाही. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं, गुळगुळीत.

"आई," धाकटीने विचारलं, "तू आत आहेस?"

मी म्हणालो, अंहं.

ती रडायला लागली. पण थोरलीने तिला समजावलं, की नाही म्हणायला तरी कोणीतरी असावं लागतं. हे मलाही तेव्हा पटलं. सांगायला संकोच वाटतो, पण मला आनंदच झाला. जन्मापासून रिकाम्या असलेल्या माझ्या पोटात कोणीतरी राहायला आलं आहे, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून थोरली रोज पाय भाजू लागली. काही दिवसांत तिचा हात बसला. पापुद्रा आईसारखा सुटायला लागला. पण तो पाय कोणी खात नसे. तो ऐकण्यासाठी होता. आवाज दमदार यावा म्हणून तिने वरच्या आवरणाला सुरीने चिरा पाडणं बंद केलं. आई त्या आठवणीने पाडायची, थोडी वाफ तिथून जावी म्हणून. आता सगळी वाफ माझ्यातूनच जायला हवी होती. कडाही ती दोनदोनदा दाबून घट्ट करी. माझ्या गळ्यात रस चढे, तो तिथेच वाळे, त्यावर दुसऱ्या दिवशीचा चढे. मला बाहेर काढून ती नुसती कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवी. धाकटीला मला हात लावायची बंदी होती.

आणि दोघी मला विचारू लागल्या. आधी लहानसहान. खाली खेळायला जाऊ का? अंहं. धाकटी खिडकीशी बसून राही आणि खालच्या मुलांचा खेळ बघे. आत्याकडे राहायला जाऊ का? अंहं. आईचा निळा स्वेटर मी घालू का? अंहं. तो तसाच खुंटीला लटकत राहिला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कधीतरी हो म्हणायचं होतंस. पण मला हो म्हणता येत नाही. वाफ आत शिरते, बाहेर पडते, आणि तिचा एवढाच आवाज होतो. मी चोच उघडी ठेवून दर दिवशी त्या घरातलं एकेक दार बंद करत होतो, आणि दोघी मान डोलावून ऐकत होत्या.

घर बदललं. दोघी कुजबुजत बोलू लागल्या, आवाज चुकू नये म्हणून. पाण्याचा नळ फडक्याने बांधून ठेवला. टेबलावर न खाल्लेले पाय एकावर एक साचले, त्यांची आवरणं मऊ पडली, खचली. भट्टीसमोरच्या फरशीवर दोघींच्या बसण्याच्या जागा उमटल्या होत्या. किल्लीवाला वर येणंच टाळू लागला. धाकटी त्याचं ताट खाली नेऊन देई. मी त्याला दोष देत नाही. जिन्याने वर यायचं, आणि वर ती नाही पण तिचा आवाज आहे, हे त्याला सोसत नसावं.

माझाही आवाज बदलत चालला होता. गळा आतून अरुंद झाला, तसा तो बारीक, चिरका झाला. कधी तो लांबे, कधी मधेच तुटे. थोरली म्हणायची, आई चिडली आहे. मग ती आणखी जपून वागे. मला मात्र आता भीती वाटू लागली होती. पोटातून आवाज जाताना तो माझा आहे असं वाटायचं नाही. तो कोणाचा आहे, हेही कळायचं नाही.

थोरलीची दुसऱ्या शहरात परिचारिकेच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. ही तिची फार दिवसांची इच्छा. राहायची सोय झाली होती, आत्याने तिची ट्रंकही आणून ठेवली होती. पण जायचं की नाही, हे थोरलीने मला विचारलं होतं, आणि मी काय म्हणालो असेन ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिने ट्रंक पलंगाखाली सरकवली. जायच्या आदल्या दुपारी आत्या आली, तेव्हा थोरली सफरचंदं सोलत होती.

आत्याने टेबलाकडे पाहिलं, नाकाला पदर लावला. "आज परत? अगं, परवाचे तसेच पडलेत. मुंग्यांना तरी पचायला वेळ दे."

"हळू बोल ना, आत्या."

"का? बोंबल्या झोपलाय का तुझा?" माझं हे नाव तिनेच पाडलं होतं. ती खुर्ची ओढून बसली, सुरी हातात घेतली आणि सोलायला लागली. हात रिकामे ठेवून बोलणं तिला जमत नसे. उद्याची गाडी सकाळची आहे, ती गेली तर जागा दुसऱ्या मुलीला देणार आहेत, दादा खाली यंत्रात तोंड घालून बसलाय, तो काही बोलायचा नाही, तेव्हा तूच काय ते ठरव, असं सगळं ती एका सालाच्या फितीत बोलून गेली. मग म्हणाली, "जाणार आहेस की नाही?"

"आज शेवटचं विचारते."

"कोणाला?"

थोरली सोलत राहिली. धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं.

आत्या हसली नाही. मला वाटतं, त्या दिवशी तीही घाबरली. तिने उरलेली सफरचंदं मुकाट्याने सोलून दिली.

थोरलीने तो पाय फार मन लावून केला. मी आत बसलो, फोडी रचल्या गेल्या, वरचं आवरण आलं. एकही चीर नाही. कडा बोटांनी दाबल्या, मग काट्याने दाबल्या, मग पुन्हा बोटांनी. भट्टीचं दार लागलं. थोरली समोर बसली आणि तिने विचारलं, "आई, मी जाऊ?"

सफरचंदं कुजबुजू लागली. मग उकळू लागली. वाफ कमानींशी आली, आत शिरली, आणि गळ्याशी अडली.

मी सांगतो त्यावर विश्वास ठेवा. माझा गळा बंद झाला होता. जळलेल्या साखरेने तो पुरता लिंपला गेला होता. वाफ मला आतून ढकलत होती, आणि मला ती सोडता येत नव्हती. आवरण हळूहळू फुगायला लागलं. त्याची कमान झाली. सोनेरी, घट्ट, तकतकीत. माझ्या गळ्याशी ते चिकटलेलंच होतं, पण बाजूंनी माझ्या चोचीच्याही वर आलं. बाहेर तिघी वाट पाहत होत्या. खालचं यंत्र फिरत होतं.

"आवाज का येत नाही?" धाकटीने विचारलं.

थोरली म्हणाली, येईल, थांब. तिचे डोळे मिटलेले होते. आत्या खिडकीकडे पाठ करून उभी होती. धाकटी गुडघ्यांवर पुढे सरकली. आवाज बारीक येत असेल, जवळून ऐकू येईल, असं तिला वाटलं असणार. तिने भट्टीचं दार उघडलं. गरम झोत तिच्या केसांवर आला. तिने डोळे बारीक केले आणि माझ्याजवळ कान आणला. इतका जवळ, की तिच्या कानातली बारीक लव मला दिसली. आणि आवरणाला माझ्या पाठीमागे तडा जायला लागला.

मला ओरडायचं होतं. चोच उघडी होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला.

अंहं.

खणखणीत, भरलेला, शांत. जराही घाई नसलेला. धाकटी मागे झाली. तिला विचार करायला वेळच मिळाला नाही. तिचं अंग आईच्या आवाजाने मागे व्हायला शिकलेलं होतं. ती मागे पडली आणि त्याच क्षणी आवरण फुटलं. उकळता रस भट्टीच्या दारातून बाहेर उडाला, समोरच्या फरशीवर, जिथे तिचा चेहरा होता त्या जागेवरून पलीकडे. फोडी चुरचुरत खाली पडल्या. मग धूर झाला.

जिना धडधडला. किल्लीवाला दारात आला, कितीतरी दिवसांनी. हातात अर्धवट कापलेली किल्ली होती. त्याने धाकटीला उचललं, तिचं तोंड, हात, केस चाचपून पाहिले. तिला कुठे काही झालं नव्हतं. मग त्याने सगळ्यांकडे पाहून विचारलं, "आत्ता कोण बोललं?"

"मी नाही," आत्या म्हणाली. "माझ्या मागून आला. खिडकीकडून."

थोरली म्हणाली, माझ्या कानाशी आला. किल्लीवाल्याने सांगितलं, की त्याला तो जिन्यात ऐकू आला, यंत्र चालू असताना, शेजारी उभं राहून कोणी बोलावं तसा. धाकटी त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "पक्ष्यातून नाही आला. वरून आला."

किल्लीवाल्याने चिमट्याने मला बाहेर काढलं, पाण्यात बुडवलं आणि उजेडाकडे धरलं. मग खिशातून एक बारीक तार काढून कमानीतून वर घातली. ती वाकली. त्याने दुसरी घातली. तीही वाकली.

"यातून सुईसुद्धा जात नाही," तो म्हणाला.

"मग वाफ?" आत्याने विचारलं.

"वाफ कुठून जाणार? म्हणून तर फुटला."

"आणि आवाज?"

तो तारेने काळी साखर खरवडत राहिला. तिच्या कपच्या टपटप ताटलीत पडत होत्या. मी सांगू शकलो असतो तर एवढंच सांगितलं असतं, की तो आवाज आला तेव्हा माझ्या पोटात काहीही हललं नाही. माझ्यात कोणी राहायला आलेलं नव्हतं. कधीच नव्हतं.

थोरली भिंतीला टेकून बसली होती. "याचा आवाज तसा नाहीच," ती हळूहळू म्हणाली. "इतके दिवस मी... याचा तसा नाहीच." मग तिने वर पाहिलं. "बाबा, आई कशाकशाला नाही म्हणायची?"

किल्लीवाला खरवडायचा थांबला. "भाजणार असेल तर," तो म्हणाला. "पडणार असाल, कापणार असेल, तर. एरवी ती कशाला नाही म्हणतेय? तुम्ही मागाल ते तिने आधीच देऊन ठेवलेलं असायचं."

थोरली उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून, छताकडे नाही, दाराकडे नाही, कुठेच न बघता तिने विचारलं, "मग मी जाऊ?"

सगळ्यांनी श्वास रोखला. धाकटीने बापाच्या मानेला मिठी मारली. आत्याच्या हातात सुरी तशीच राहिली. खाली यंत्र रिकामं फिरत होतं. मी सुद्धा ऐकत होतो, आणि मला माझ्या उगाच ऐकणाऱ्या चेहऱ्याची तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली नाही. आम्ही सगळे खूप वेळ ऐकत राहिलो.

आवाज आला नाही.

थोरली पलीकडच्या खोलीत गेली, वाकली आणि पलंगाखालून ट्रंक ओढायला लागली. ती जड होती. आत्याने सुरी खाली ठेवली, तिच्यामागे गेली आणि दुसरी कडी धरली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. चोचीचा टवका उडाला आहे. काम अजून करतो. थोरली सुट्टीला येते तेव्हा चांगले दोन तुकडे खाते आणि धाकटीच्या पापुद्र्याला नावं ठेवते. तुम्हाला उपदेश करावा असा मी कोणी नाही, पण एक विनंती आहे. आम्हा वस्तूंना धुवा, घासा, फुंका, वापरा. गेलेल्या माणसाने हात लावलेल्या वस्तूला तर जास्तच घासा. न धुता जपलेली वस्तू आतून बंद होत जाते, आणि ती बंद होताना जे चिरके आवाज काढते ते आपल्या माणसाचे आहेत असं वाटू लागतं. ते तसे नसतात. आमच्याकडून काम घ्या, परवानगी घेऊ नका.

आता पाय धाकटी करते. आईसारखी तीही वरच्या आवरणाला चिरा पाडते, मला धुते, फुंकते. सगळं नीट होतं. फक्त पाय बाहेर काढायची वेळ झाली, की भट्टीचं दार उघडून ती हात पुढे करते आणि हवेतच थांबवते. मान जराशी कलती करते. तसा एक क्षण जातो. मग ती निर्धास्तपणे हात आत घालते. ती कोणाचं ऐकते, ते मला कळत नाही. माझ्याकडून तर काहीच आलेलं नसतं.